हवेची गाडी खरोखर कशावर चालते?

पिंपरी-चिंचवड परिसरातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग मध्यंतरी आला. नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी शीतपेयाची मोठी प्लास्टिकची बाटली, झाकणांची चाके, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि बॉलपेनची नळी एवढ्या साहित्यातून एक गाडी बनवली होती. सायकलच्या पंपाने बाटलीत हवा भरायची आणि नळीवरचा चिमटा काढायचा, की गाडी व्हरांड्यातून सात-आठ मीटर धावत जाई. मागे फलक होता: ‘उद्याची गाडी. इंधन : हवा. खर्च : शून्य. प्रदूषण : शून्य.’ फलकाच्या कोपऱ्यात हवेवर चालणाऱ्या मोटारीची एक जुनी बातमी चिकटवली होती. आम्ही तिघा परीक्षकांनी या प्रतिकृतीला पहिला क्रमांक दिला. गाडी चालत होती, मुलांनी ती स्वतः बनवली होती आणि विषय प्रदूषणाचा होता. तेवढे आम्हाला पुरले.

बक्षीस समारंभानंतर एक पालक भेटले. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ते कॉम्प्रेसर सांभाळतात. ते म्हणाले, “सर, पोरांची गाडी छान पळाली. पण आमच्या कंपनीत सगळ्यात महाग काय असेल तर ती हवाच. साहेब लोक रोज ओरडतात, हवा वाया घालवू नका, लाइट बिल वाढतं. मग इथे ती फुकट कशी झाली?”

त्या क्षणी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ऊष्मागतिकीचे नियम आम्ही वर्षानुवर्षे शिकलो आणि शिकवले, पण हा प्रश्न आम्हा तिघांपैकी एकालाही सुचला नव्हता, आणि रोज कॉम्प्रेसरशेजारी उभे राहणाऱ्या माणसाला तो सहज सुचला होता. त्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याचा प्रयत्न येथे करीत आहोत. त्या ओघात विजेच्या आणि पेट्रोलच्या गाडीचीही तीच झडती घेऊ, कारण एकालाच कडक प्रश्न विचारणे न्यायाचे नाही.

बातमी काय होती?

फलकावरची बातमी खोटी नव्हती. गी नेग्र या फ्रेंच अभियंत्याने १९९१ साली एमडीआय ही कंपनी स्थापन केली आणि दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या इंजिनाचा ध्यास घेतला. फेब्रुवारी २००७ मध्ये टाटा मोटर्सने या कंपनीशी करार केला. टाटा मोटर्स म्हणजे आपली जुनी टेल्को. पिंपरीत तिचा कारखाना आहे आणि संशोधन केंद्रही आहे. त्यामुळे ही बातमी या भागात घरच्या बातमीसारखी वाचली गेली. हवेवर चालणारी, धूर न सोडणारी, एकदा टाकी भरली की शे-दोनशे किलोमीटर जाणारी गाडी आता येणार, असे चित्र वृत्तपत्रांतून उभे राहिले.

मे २०१२ मध्ये टाटा मोटर्सने जाहीर केले की, प्रकल्पाचा पहिला टप्पा पूर्ण झाला असून कंपनीच्या दोन वाहनांत ही कल्पना प्रत्यक्ष चालवून दाखवली आहे. पुढच्या टप्प्यात इंजिनाचा तपशीलवार विकास केला जाईल. नेग्र यांचे २०१६ साली निधन झाले. ही गाडी मात्र आपल्या रस्त्यांवर विक्रीसाठी आली नाही.

येथे दोन प्रश्नांची गल्लत झाली. ‘गाडी हवेवर चालते का?’ हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे, आणि बाटलीच्या गाडीनेही तेच सिद्ध केले. ‘ती चालवायला एकूण ऊर्जा किती लागते, आणि ती कुठून येते?’ हा दुसरा प्रश्न. बातम्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि वाचकांनी ते दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मानले. परीक्षक म्हणून आमच्याही हातून हीच चूक झाली.

हवा हे इंधन नव्हे

पेट्रोलच्या रेणूंत रासायनिक ऊर्जा साठलेली असते आणि जळताना ती बाहेर पडते. आपल्या भोवतालची हवा मात्र आधीच ‘खाली’ आलेली असते. समतल जमिनीवर साचलेले पाणी जसे चाक फिरवू शकत नाही, तसेच हवेचे आहे. तिच्याकडून काम करून घ्यायचे तर आधी तिला दाबावे लागते, आणि दाबण्यासाठी दुसऱ्या कोणालातरी काम करावे लागते.

इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी आठवा. नळ सोडला की पाणी जोरात येते, म्हणून कोणी असे म्हणत नाही की पाण्याला आपोआप जोर आहे. तळमजल्यावरच्या मोटरने ते वर चढवलेले असते आणि तिचे बिल सोसायटी भरते. दाबलेल्या हवेची टाकी ही अशीच गच्चीवरची टाकी आहे. बाटलीच्या गाडीत मोटरचे काम मुलांच्या दंडांनी केले होते, म्हणजे गाडी सकाळी खाल्लेल्या पोळी-भाजीवर चालत होती. मोठ्या गाडीत ते काम विजेची मोटर करते. ‘इंधन : हवा’ ऐवजी ‘साठवणीचे साधन : हवा’ असे लिहिले असते, तर फलक बरोबर ठरला असता.

आता पुढचा प्रश्न. साठवणीत घातलेल्यापैकी परत किती मिळते? गच्चीवरच्या टाकीत बरेचसे परत मिळू शकते. हवेच्या टाकीत तसे होत नाही. का, ते आता पाहू.

कॉम्प्रेसरच्या खोलीत

भोसरी, चाकण किंवा तळेगावच्या कोणत्याही कारखान्यात जा, एका बाजूला कॉम्प्रेसरची खोली असते आणि तेथून नळ्यांचे जाळे सगळ्या खात्यांत पसरलेले असते. नट आवळण्याची हत्यारे, रंगाच्या फवारण्या, जॉब पकडून ठेवणारे क्लॅम्प, सगळे साधारण सहा-सात बार दाबाच्या हवेवर चालतात. मशीनवरची भुगी उडवायची तर कामगार ‘हवा मारून’ घेतो. दापोडीच्या ॲटलास कॉप्कोने आणि हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने कित्येक दशके याच कामाचे कॉम्प्रेसर बनवले. हवेच्या हत्यारांचे फायदे खरे आहेत: ती हलकी असतात, ठिणगी पडत नाही, अडकली तरी जळत नाहीत. या सोयीसाठी कारखानदार जाणूनबुजून जास्त वीज मोजतो.

किती जास्त? केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मार्गदर्शक पुस्तिकेत म्हटले आहे की, कॉम्प्रेसरला दिलेल्या ऊर्जेपैकी फक्त १० ते ३० टक्के ऊर्जा प्रत्यक्ष वापराच्या जागी पोचते. बाकीची मुख्यतः उष्णतेच्या रूपाने निघून जाते. सुट्टीच्या दिवशी बंद खात्यातून फिरले तर जोडांमधून निसटणाऱ्या हवेचा ‘सूं’ आवाज ऐकू येतो, तो या हिशेबातला आणखी एक भाग. भेटलेल्या पालकांचे म्हणणे शब्दशः खरे होते.

ही उष्णता येते कुठून? सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने अनुभवलेले असते. त्यात घर्षणाचा वाटा असतो, पण मुख्य कारण वेगळे आहे. दट्ट्या पुढे सरकताना हवेवर काम करतो आणि ते काम हवेचे तापमान वाढवते. २७ अंश सेल्सिअसची हवा एका दमात, उष्णता बाहेर जाऊ न देता, ३०० बारपर्यंत दाबली तर तिचे तापमान सुमारे १,२५० अंशांवर जाईल, असे गणित सांगते. कोणतेही यंत्र हे सोसणार नाही. म्हणून हवा तीन-चार टप्प्यांत दाबतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर थंड करतात. थंड करणे म्हणजे विकत घेतलेली ऊर्जा वाऱ्यावर सोडणे होय. कॉम्प्रेसरची खोली नेहमी गरम असते ती यामुळेच.

येथे शिक्षकांनी वर्गात आवर्जून मांडावी अशी एक गोष्ट आहे. आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा केवळ तापमानावर अवलंबून असते, हे आपण अकरावीत शिकवतो. मग टाकीतील दाबलेली, पण थंड होऊन खोलीच्या तापमानाला आलेली एक किलो हवा आणि बाहेरची एक किलो हवा, यांची आंतरिक ऊर्जा सारखीच! आपण खर्च केलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन आधीच निघून गेलेली असते. टाकीत उरते ती काम करण्याची क्षमता. हवा प्रसरण पावताना ती भोवतालातून उष्णता घेते आणि तिच्या जोरावर काम करते. उष्णता मिळाली नाही तर ती स्वतःच थंड होते आणि काम कमी करते. ३०० बारची हवा एका दमात मोकळी केली तर हिशेबाप्रमाणे तिचे तापमान शून्याखाली २०० अंशांच्याही खाली जाईल. प्रत्यक्षात इतके होण्याआधीच हवेतील बाष्प गोठून झडपा अडकतील. दाबताना तापते म्हणून नुकसान आणि सोडताना गोठते म्हणून पुन्हा नुकसान, अशी ही दुहेरी कात्री आहे.

तीनशे लिटरची टाकी

आता आकडे घालून पाहू. ३०० लिटरची टाकी, ३०० बार दाब. लहान मोटारीत याहून मोठी टाकी बसवणे अवघडच. यात वातावरणीय दाबाची ९० घनमीटर हवा मावते आणि नुसत्या हवेचे वजनच १०० किलोहून अधिक भरते.

या हवेकडून जास्तीत जास्त किती काम मिळेल? प्रसरण अगदी सावकाश, तापमान स्थिर ठेवून झाले, तर दाब आणि आकारमान यांच्या गुणाकाराला (दाबांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम वजा १) या संख्येने गुणायचे. दाब आणि आकारमानाचा गुणाकार ९० लाख ज्यूल. ३०० चा लॉगॅरिथम ५.७, त्यातून १ वजा केल्यावर ४.७. उत्तर आले सुमारे ४ कोटी २० लाख ज्यूल, म्हणजेच वीजबिलाच्या भाषेत जवळजवळ १२ युनिट. ही निसर्गनियमाने आखलेली कमाल मर्यादा आहे. कितीही कुशल अभियंता आला तरी ती ओलांडता येत नाही.

ही टाकी भरायला किती वीज लागेल? चांगला, अनेक टप्प्यांचा कॉम्प्रेसर धरला तरी २५ युनिटच्या आसपास. लहान यंत्राला त्याहून जास्त. म्हणजे निम्म्याहून अधिक ऊर्जा गाडीत शिरण्याआधीच गेली. हवेचे इंजिन, झडपा, दाब कमी करणारी यंत्रणा आणि गारठा यांतून १२ पैकी साडेपाच युनिट चाकांपर्यंत पोचली तरी आम्ही ते उत्तम मानू. थोडक्यात, २५ युनिट दिली आणि साडेपाच मिळाली. कार्यक्षमता सुमारे २२ टक्के.

शहरातील वेगाने जाणाऱ्या लहान, हलक्या मोटारीला चाकाशी किलोमीटरला ०.१ युनिट लागते असे धरले, तर ही गाडी ५५ किलोमीटर जाईल. बातम्यांतील दोनशे किलोमीटर या हिशेबात बसत नाहीत. गाडी फारच हलकी केली, वेग कमी ठेवला, तर अंतर वाढेल. पण ती सवलत मग विजेच्या आणि पेट्रोलच्या गाडीलाही द्यावी लागेल.

हे सगळे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. फ्रान्समधील नांत शहरात १८७९ साली दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ट्रॅम सुरू झाल्या. त्यांचा जनक मेकार्स्की याने हवा इंजिनात सोडण्यापूर्वी गरम पाण्यातून नेण्याची युक्ती केली होती, म्हणजे गारठ्याचा प्रश्न त्याला नीट कळला होता. या ट्रॅम तीन दशकांहून अधिक काळ चालल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांची जागा विजेच्या ट्रॅमनी घेतली. एमडीआयनेही जास्त पल्ल्यासाठी इंधन जाळून हवा तापवण्याची योजना मांडली होती. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती शहाणपणाची होती. पण तसे केले की ‘इंधन : हवा’ आणि ‘प्रदूषण : शून्य’ हे दोन्ही शब्द फलकावरून पुसावे लागतात.

तिन्ही गाड्या एका पट्टीवर

आता तीच २५ युनिट विजेच्या मोटारीच्या बॅटरीत घाला. भरताना आणि काढताना मिळून सुमारे १५ टक्के आणि मोटर, नियंत्रक व गिअर यांत आणखी सुमारे १५ टक्के जातील असे धरू. चाकाशी १८ युनिट मिळतील. तीच गाडी त्यावर १८० किलोमीटर जाईल. एकाच प्लगमधून घेतलेल्या तेवढ्याच विजेवर विजेची गाडी हवेच्या गाडीच्या तिपटीहून जास्त अंतर जाते.

पेट्रोलचे काय? एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ९ युनिट उष्णता मिळते. उष्णतेचे काम करणाऱ्या इंजिनाला ती सगळी वापरता येत नाही. मोठा भाग सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जातो. शहरातील वाहतुकीत १८ टक्के चाकाशी पोचले असे धरू. सकाळच्या पाळीच्या वेळी चाकणच्या तळेगाव चौकात किंवा मोशीजवळ अडकलेल्या गाडीला तेवढेही मिळत नाही. इंजिन चालू, गाडी उभी, तर त्या वेळेपुरती कार्यक्षमता शून्य. विजेची मोटर उभी असताना जवळजवळ काही खात नाही, आणि ब्रेक लावताना थोडी ऊर्जा बॅटरीत परतही करते. पेट्रोलच्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात जाते.

पण एवढ्यावर निकाल दिला तर आम्ही पुन्हा तीच चूक करू. प्लगमध्ये वीज कुठून आली, हे विचारायला हवे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, त्यातील उष्णतेपैकी साधारण ३५ टक्के वीज होते आणि तारांमधून घरी येईपर्यंत आणखी १५ टक्क्यांच्या आसपास गळते. कोळशाचे १०० भाग दिले तर प्लगमध्ये ३० येतात. पेट्रोलच्या बाबतीतही खनिज तेल शुद्ध करणे व पंपापर्यंत आणणे यांत सुमारे १५ टक्के जातात. हे सर्व धरून १०० भागांपैकी चाकाशी किती पोचते, ते असे:

हवेची गाडी, वीज कोळशाची : सुमारे ६ ते ७
पेट्रोलची गाडी, शहरात : सुमारे १५
विजेची गाडी, वीज कोळशाची : सुमारे २१

हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्येकात थोडे इकडेतिकडे होईल, पण क्रम बदलणार नाही. शून्य खर्चाची म्हणून बक्षीस मिळालेली गाडी येथे सर्वांत शेवटी आहे, अगदी पेट्रोलच्याही मागे! ‘एन्व्हायर्नमेंटल रिसर्च लेटर्स’ या नियतकालिकात २००९ साली फेलिक्स क्रॉइट्सिग आणि सहकाऱ्यांनी असाच, पण अधिक बारकाईचा हिशेब प्रसिद्ध केला. मूळ ऊर्जा, हरितगृह वायू आणि खर्च या तिन्ही बाबतींत हवेची गाडी बॅटरीच्या गाडीपेक्षा मागे पडते, असाच त्यांचा निष्कर्ष होता.

विजेच्या गाडीलाही तोच प्रश्न

वरची यादी पुन्हा पाहा. विजेची गाडी पहिली आली खरी, पण कोळशाच्या विजेवर तिची पेट्रोलवरची आघाडी किती? २१ विरुद्ध १५. जाहिराती वाचून वाटते तेवढी ती मोठी नाही.

आपल्याच परिसरातील उदाहरण घेऊ. बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली आली आणि आकुर्डीचे नाव घरोघरी पोचले. तिचे टू-स्ट्रोक इंजिन साधे आणि दणकट होते, पण त्यातले बरेचसे पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जाई. जानेवारी २०२० मध्ये त्याच नावाची विजेची स्कूटर पुण्यात आणि बंगळुरूत विक्रीला आली. सुरुवातीला ती चाकणच्या कारखान्यात बनत असे. तिची बॅटरी सुमारे ३ युनिटची होती आणि एका भरण्यात ९५ किलोमीटरचा दावा होता. रस्त्यावरचे अंतर ७० किलोमीटर धरू आणि भरतानाची गळती मिळवून साडेतीन युनिट धरू. किलोमीटरला ०.०५ युनिट झाले. ४५ किलोमीटर मायलेज देणारी पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला ०.२ युनिटची उष्णता खाते. फरक चौपट! पण विजेमागचा कोळसा आणि पेट्रोलमागची रिफायनरी हिशेबात घेतली, की हा चौपट फरक दीडपटीच्याही थोडा खाली येतो.

म्हणून हिरव्या नंबरप्लेटकडे पाहून ‘प्रदूषण शून्य’ असे म्हणणे हीदेखील बाटलीच्या गाडीवरच्या फलकाचीच सुधारलेली आवृत्ती आहे. धूर निगडीच्या चौकातून गेला, हे खरे आहे आणि ते महत्त्वाचेही आहे. तेथे उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाच्या फुप्फुसांना विचारा. पण त्यातला काही धूर नाहीसा न होता चंद्रपूरला गेला, हेही खरे आहे, आणि तिथेही माणसे राहतात.

विजेच्या गाडीचे खरे बळ पुढेच आहे. पेट्रोलची गाडी आयुष्यभर पेट्रोलच पिते. विजेची गाडी आज कोळशाची वीज घेते, उद्या कोयनेची, पवनचक्कीची किंवा शाळेच्या छतावरील सौर पट्ट्यांची घेऊ शकते. अशा विजेचे १०० भाग निघाले तर तारांतील आणि गाडीतील गळती जाऊन चाकाशी सुमारे ६० पोचतात. हवेच्या गाडीत तीच स्वच्छ वीज घातली तर पोचतात १८-१९. वीज स्वच्छ असली तरी ती उधळायची का, हा प्रश्न उरतोच.

कार्यक्षमता हे सर्वस्व नाही

हवेच्या गाडीच्या बाजूने जे बोलता येईल तेही सांगितले पाहिजे. हवेची टाकी काही मिनिटांत भरता येते. तिला लिथियम, कोबाल्ट यांसारखी दूरदेशीची खनिजे लागत नाहीत. बॅटरी वर्षानुवर्षे वापरून क्षीण होते. टाकी बराच काळ टिकते. आग लागण्याचा धोका नाही, म्हणून ज्वलनशील वायूंच्या खाणींत हवेवर चालणारी छोटी इंजिने पूर्वी वापरली गेली आणि ती निवड योग्यच होती. ब्रेक लावताना हवा दाबून ठेवायची आणि निघताना ती वापरायची, असे पेट्रोल इंजिनाला पूरक काम दाबलेली हवा करू शकते. वर उल्लेखिलेल्या अभ्यासातही या मिश्र प्रकाराला वाव असल्याचे म्हटले आहे. कारखान्यात ऊर्जा वाया जात असूनही आपण हवेची हत्यारे वापरतोच, कारण तेथे सोय आणि सुरक्षितता यांचे मोल जास्त आहे.

तेव्हा टाटा मोटर्सने हा प्रयोग केला यात गैर काहीच नाही. एखादी कल्पना कागदावर मागे पडते म्हणून प्रयोगच करायचा नाही, अशी वृत्ती विज्ञानाला मारक ठरते. आमचा आक्षेप आहे तो प्रयोगाचा निकाल लागण्याआधीच लिहिल्या गेलेल्या ‘फुकट’ आणि ‘शून्य’ या दोन शब्दांना. विज्ञानात हे शब्द दिसले की थांबून विचारावे: हिशेबाची रेघ कुठून कुठवर ओढली आहे? सायलेन्सरपासून ओढली तर हवेची गाडी पहिली. प्लगपासून ओढली तर विजेची गाडी फार पुढे. खाणीपासून ओढली तर ती अजून पहिली, पण थोडक्याने. रेघ कुठे ओढली हे न सांगता दिलेला आकडा अर्धवट असतो, मग तो वृत्तपत्रातला असो, जाहिरातीतला असो वा आमच्या गुणपत्रिकेतला.

वर्गात काय करता येईल?

या विषयासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. तीन गोष्टी सुचवतो.

एक. सायकलचा पंप आणि थर्मामीटर घ्या. हवा भरताना पंपाच्या टोकाचे तापमान आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर सुटणाऱ्या हवेचे तापमान विद्यार्थ्यांना नोंदवू द्या. दाबताना तापणे आणि सुटताना थंड होणे, ही या लेखातील सगळी भांडणे त्या दोन नोंदींत आहेत.

दोन. जवळच्या पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची पाटी वाचा. समजा मोटर दोन अश्वशक्तीची, म्हणजे दीड किलोवॅटची आहे, आणि २०० लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरायला तिला १० मिनिटे लागली. खर्च झाला ९०० किलोज्यूल. त्या टाकीतून जास्तीत जास्त मिळू शकणारे काम काढले तर सुमारे २३५ किलोज्यूल येते. चौथा हिस्सा, आणि अजून हत्यार चालायचेच आहे. वेळ मात्र विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष मोजावा; पुस्तकातल्या उत्तरापेक्षा मोजलेले उत्तर बरे.

तीन. ज्यांच्या घरी विजेची स्कूटर आहे त्यांनी भरण्यापूर्वी आणि भरल्यानंतर घरच्या मीटरचे आकडे टिपावेत आणि पुढच्या भरण्यापर्यंतचे किलोमीटर लिहावेत. पेट्रोलवाल्यांनी टाकी दोनदा काठोकाठ भरून मायलेज काढावे. मग वर्गाने एकत्र बसून दोन्ही आकडे कोळशापर्यंत आणि खनिज तेलापर्यंत मागे न्यावेत. कोणाच्या घरची गाडी जिंकली यापेक्षा हिशेब कुठे अडला, कोणता आकडा गृहीत धरावा लागला, यावरची चर्चा अधिक शिकवून जाते.

पिंपरी, भोसरी, चाकणच्या शाळांना यात एक विशेष लाभ आहे. या मुलांच्या घरात कोणी ना कोणी इंजिनावर, मोटरवर, कॉम्प्रेसरवर काम करते. त्यांपैकी एखाद्याला वर्गात बोलावून ‘हवा महाग का पडते?’ एवढेच विचारावे. ऊष्मागतिकीचा पहिला पाठ तेथेच सुरू होईल. आमच्या प्रदर्शनात असा माणूस श्रोत्यांत बसला होता आणि परीक्षकांच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो.

त्या दोन मुलांचे बक्षीस काढून घ्यावे असे आम्हाला वाटत नाही. त्यांची गाडी हातची होती, ती चालत होती आणि तिच्यातून क्रिया-प्रतिक्रियेचा नियम सुरेख दिसत होता. फक्त गुण देताना आम्ही त्यांना फलकावर एक चौथी ओळ लिहायला सांगायला हवी होती: ‘बाटलीत हवा भरायला किती काम लागले आणि त्यातले किती गाडीला मिळाले?’ पंपाचे झटके मोजून आणि गाडीचे वजन व वेग मोजून त्या मुलांनी ते उत्तर काढले असते. नववीच्या मुलांना ते अवघड नव्हते. विचारायचे राहिले ते आमच्याकडून. पुढच्या प्रदर्शनात जे शिक्षक परीक्षक असतील त्यांनी ते विसरू नये, एवढीच विनंती.